वाऱ्यानें आणलेली नोंद
(हवेच्या दीर्घकालीन मापनाविषयीं एक पाठ)

देवळालीची हवा चांगली, हें वाक्य आपल्या कॅम्पांत इतक्या वेळां ऐकूं येतें कीं, त्यास पुरावा मागावा असें कोणाच्या मनांतही येत नाहीं. छातीच्या विकारानें त्रासलेल्या मनुष्यास मुंबईच्या दमट हवेंतून काढून येथें आणावें व कांहीं महिने कोरड्या, थंड वाऱ्यांत ठेवावें, अशी वैद्यांची जुनी चाल होती. पारशी, कच्छी व गुजराती मंडळींनीं बांधलेल्या आरोग्यभवनांच्या रुंद ओसऱ्या त्या चालीची साक्ष अद्याप देतात. आतां वृद्ध माणसें म्हणतात कीं, पूर्वीची हवा राहिली नाहीं. जागा विकणारे म्हणतात कीं, हवा जशीच्या तशी आहे. दोन्ही पक्ष आपापल्या परीनें प्रामाणिक आहेत असें आपण धरून चालूं (दुसऱ्या पक्षाविषयीं तसें धरण्यास थोडें औदार्य लागतें!). परंतु नोंदवही दोघांजवळही नाहीं. पंचवीस-पन्नास वर्षांत एखाद्या खेड्यापाड्याची हवा किती पालटली हें सांगावयाचें झाल्यास तें कशाच्या आधारें सांगावें, हा प्रस्तुत पाठाचा विषय आहे. तो वरवर पाहतां सोपा वाटतो. तसा तो नाहीं.

पहिली अडचण अशी कीं, हवा एका दिवसासारखी दुसऱ्या दिवशीं नसते. पौषांतल्या एखाद्या पहाटे दारणेच्या कांठीं उभे राहून पहा. चुलींचा व शेकोट्यांचा धूर थोडा वर चढतो आणि मग जणूं अदृश्य छतास डोकें लागल्याप्रमाणें आडवा पसरतो. याचें कारण विद्यार्थ्यांनीं नीट समजून घ्यावें. सामान्यतः जसजसें वर जावें तसतशी हवा थंड होत जाते. त्यामुळें खालचा ऊन धूर हलका असल्यानें वर वर चढत जातो व विरळ होतो. परंतु हिंवाळ्यांतील निरभ्र रात्रीं जमीन आपली उष्णता आकाशांत झपाट्यानें टाकते. तिला टेकलेला हवेचा थर तिच्यासवें गार होतो, आणि त्याच्या वरचा थर मात्र ऊनच राहतो. म्हणजे नेहमींचा क्रम उलटा होतो. पातेल्यावर झांकण ठेवावें तशी ही उबदार हवा खालच्या धुरास कोंडून धरते. सूर्य वर येऊन जमीन तापली म्हणजे झांकण निघतें व धूर वाट काढतो. वैशाखांत त्याच चुली, तींच लांकडें, तितकाच धूर; पण तो हजारों फूट उंचीच्या हवेंत मिसळून जातो. आषाढांत तर पाऊस हवा धुऊनच काढतो. तेव्हां एका सकाळचा आंकडा घेऊन हवा बिघडली कीं सुधारली हें ठरवूं गेल्यास जानेवारींत रडावें लागेल आणि जुलैंत हसावें लागेल. होळीच्या रात्रीं मापलें तर काय होईल हें सांगावयासच नको.

म्हणून जानेवारीची तुलना जानेवारीशींच करावी लागते, सकाळची सकाळशीं, आणि तीही दोन वर्षांची नव्हे तर दहा, वीस, तीस वर्षांची. शिवाय मापण्याची रीतही तीच असावी लागते. आपल्या देशांत शहरांतील हवेचें सरकारी मापन १९८४-८५ पासून पद्धतशीरपणें सुरू झालें. त्यावेळीं हवेंत तरंगणारी सर्व धूळ एकत्र धरून वजन करीत असत. पुढें ध्यानांत आलें कीं, मोठे कण नाकांतच अडकतात. खरा अपाय बारीक कणांपासून होतो. मग एक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून लहान कण, आणि नंतर त्याच्याही चौथाईहून लहान, म्हणजे अडीच मायक्रोमीटरपर्यंतचे कण मापूं लागले. आपल्या डोक्याचा एक केंस अशा कणाच्या वीसपट तरी जाड असतो. २००९ च्या राष्ट्रीय मानकांतून जुनें एकंदर धुळीचें माप गळालें. ही सुधारणा योग्यच होती. परंतु तिचा एक परिणाम असा कीं, १९९० चा आंकडा आणि २०१५ चा आंकडा शेजारीं शेजारीं मांडून तुलना करतां येत नाहीं. कापड एकदां वारानें मोजलें व एकदां वजनानें, तर तें वाढलें कीं घटलें हें कसें कळावें?

आतां जागेचा प्रश्न. स्वैंपाकघरांत चुलीजवळ उष्णतामापक टांगून गांवाचें हवामान कळत नाहीं. त्याचप्रमाणें चौकांत उभें केलेलें यंत्र त्या चौकांतील मोटारींची हकीगत सांगतें. तीही उपयुक्त असते, पण एकंदर प्रदेशाची हवा कोणीकडे चालली आहे हें त्यावरून उमगत नाहीं. उद्यां तो रस्ता एकेरी केला तर यंत्र म्हणेल, हवा सुधारली! याकरितां गांवापासून दूर, धुराड्यांपासून दूर, जेथें वारा मोकळा येतो अशी जागा लागते. एकांतांतील जागेचें महत्त्व आपल्या महाराष्ट्रांत फार पूर्वीं ओळखलें गेलें होतें. मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेंत पृथ्वीच्या चुंबकशक्तीचे वेध १८४१ पासून घेत असत. विसाव्या शतकाच्या आरंभीं मुंबईंत विजेची ट्राम आणण्याचें ठरलें. विजेच्या प्रवाहानें चुंबकसूची भलतीकडेच डोलूं लागणार, हें त्यावेळचे संचालक नानाभाई फ्रामजी मूस यांनीं जाणलें व अलिबाग येथें नवी वेधशाळा बांधविली. परंतु त्यांनीं जुनी जागा लगेच सोडली नाहीं. १९०४ पासून १९०६ पर्यंत कुलाबा व अलिबाग या दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं वेध घेण्यांत आले, जेणेंकरून जुन्या व नव्या नोंदींतील फरक कळावा आणि साखळी तुटूं नये. ती साखळी आजही अखंड आहे. दोन वर्षें दुप्पट काम करणारीं तीं माणसें मला फार थोर वाटतात.

हवेच्या घटकांच्या बाबतींत अशीच एक एकांतांतील जागा पश्चिम किनाऱ्यावर पुढें निवडण्यांत आली. ती गोमंतकांत आहे. काणकोण तालुक्यांत एक भूशिर समुद्रांत घुसलें आहे. त्यास काब-द-राम म्हणतात. वनवासांत श्रीराम व सीता येथें राहिलीं होतीं अशी तेथील लोकांची समजूत आहे. पंचवटीच्या शेजारीं राहणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांस ही कथा परकी वाटणार नाहीं. भूशिरावर जुना किल्ला आहे. त्याची तटबंदी पडझड झालेली आहे, आणि पुढें अफाट अरबी समुद्र. मोठें शहर जवळ नाहीं, कारखाना नाहीं. समुद्रसपाटीपासून सुमारें साठ मीटर उंचीवर, अशा या जागीं १९९३ सालीं हवेचे नमुने घेण्यास आरंभ झाला. अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा व ऑस्ट्रेलियाची सी. एस्. आय्. आर्. ओ. ही शास्त्रीय संस्था यांच्या सहकार्यानें हें कार्य चाललें.

पद्धत पहावी तर अगदीं साधी होती. कांचेच्या कुप्या घ्यावयाच्या. वारा समुद्राकडून येत असतां, ओलावा काढून टाकून, त्यांत हवा भरावयाची. तोंड घट्ट बंद करावयाचें. तारीख व वेळ लिहावयाची. साधारण पंधरवड्यानें हें काम होई. त्यानंतर मात्र त्या कुप्या फार लांबचा प्रवास करीत. मेलबर्ननजीक आस्पेंडेल येथें त्या संस्थेची प्रयोगशाळा होती. तेथें कुपींतील हवेचें पृथक्करण होई. एवढ्यासाठीं हवा ऑस्ट्रेलियास कां न्यावी, असा प्रश्न हुशार मुलगा विचारील, व त्यानें तो विचारावाच. उत्तर असें कीं, त्याच प्रयोगशाळेंत टास्मानियांतील केप ग्रिम, दक्षिण ध्रुव अशा अनेक दूरदूरच्या स्थळांची हवाही मापली जात असे. सर्व स्थळांचें धान्य एकाच तराजूंत तोलल्यामुळें कोणाचें किती, हें निःशंकपणें सांगतां येई. शोधावयाचा फरक शंभर भागांत एखाद्या भागाचा, कित्येकदां त्याहूनही लहान असतो. तेव्हां तराजूच बदलला तर सर्व श्रम वायां जातात.

त्या कुपींत काय शोधीत? कार्बन डायऑक्साइड, ज्यास जुन्या क्रमिक पुस्तकांत कर्बाम्ल वायु म्हणत. अपुऱ्या ज्वलनांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड. दलदलींत, भातखाचरांत व गुरांच्या पोटांत उत्पन्न होणारा मिथेन. तसेंच हायड्रोजन व नायट्रस ऑक्साइड. यांपैकीं कार्बन मोनॉक्साइड हा धुराचा उत्तम साक्षीदार होय. लांकूड, शेणी, पालापाचोळा, पेट्रोल, जें कांहीं नीट न जळतां धुमसतें, त्यांतून तो निघतो, आणि कांहीं आठवडे हवेंत टिकतो. त्यामुळें धूर डोळ्यांस दिसेनासा झाल्यावरही तो कोठून आला हें या वायूवरून ताडतां येतें.

येथें काब-द-रामाच्या जागेचा खरा गुण प्रगट होतो. जून ते सप्टेंबर या महिन्यांत तेथें नैर्ऋत्येचा मोसमी वारा वाहतो. हा वारा भूमध्यरेषेच्या पलीकडे, दक्षिण हिंदी महासागरावर उगम पावतो, आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ रेषा ओलांडतो, आणि हजारों मैल समुद्रच समुद्र पाहून कोंकण-गोव्याच्या किनाऱ्यास लागतो. त्याच्या वाटेंत ना चूल, ना गिरणी. हिंवाळ्यांत उलट होतें. तेव्हां वारा ईशान्येकडून, म्हणजे आपल्या देशाच्या अंतर्भागांतून समुद्राकडे जातो. गंगेच्या मैदानापासून दख्खनच्या पठारापर्यंतचा धूर बरोबर घेऊन तो समुद्रावर पसरतो, आणि दुपारच्या समुद्रवाऱ्याबरोबर त्यांतील भाग पुन्हां किनाऱ्यास येतो. एकाच खडकावर उभें राहून, एक पाऊलही न हलतां, वर्षाच्या अर्ध्या भागांत दक्षिण गोलार्धाची हवा आणि अर्ध्या भागांत हिंदुस्थानची हवा मापावयास मिळते! अशीं ठिकाणें जगांत थोडीं आहेत.

आणि नोंदींत हा भेद स्पष्ट उमटला. हिंवाळ्यांतील कार्बन मोनॉक्साइडचें प्रमाण पावसाळ्यांतील प्रमाणाच्या दुपटीहून अधिक आढळलें. कार्बन डायऑक्साइडचें प्रमाणही पावसाळ्यांत खालीं व कोरड्या ऋतूंत वर, असें करवतीच्या दांत्यांप्रमाणें हाले. पण प्रत्येक वर्षाचा दांता मागील वर्षाच्या दांत्याहून थोडा उंच. ही चढण सर्व जगाची होती. हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर चार्ल्स कीलिंग या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९५८ च्या मार्चांत हेंच मापन सुरू केलें तेव्हां हवेच्या दर दशलक्ष भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारें ३१५ भाग होते. काब-द-रामाची नोंद सुरू झाली त्या १९९३ सालीं मौना लोआवर ते सुमारें ३५७ झाले होते, २००२ सालीं सुमारें ३७३, आणि २०२४ सालीं ४२४ वर गेले. हा वाढीव वायु कोळशाचा व तेलाचाच, हें कशावरून, असें कोणी विचारील. कार्बनचे अणु सर्व एका वजनाचे नसतात. बहुतेक हलके, कांहीं थोडे जड. झाडें आपलें अन्न करितांना हलका कार्बन पसंत करतात. कोळसा व खनिज तेल हें प्राचीन जीवांचेंच शेष असल्यानें तेही हलक्या कार्बनचेंच. तें जाळलें म्हणजे हवेंत हलक्या कार्बनचा भाग वाढतो. आस्पेंडेल येथें काब-द-रामाच्या कुपींतील कार्बनचें हें वजनही तपासीत. चोरानें नेलेल्या धान्याची जात ओळखून मालकानें शेत सांगावें, तसा हा प्रकार आहे.

मिथेनची गोष्ट अधिक विचार करण्यासारखी आहे. आपल्या देशांत भाताचीं खाचरें पाण्यानें भरलेलीं असतात तीं पावसाळ्यांत; तेव्हां त्यांतून मिथेन अधिक निघणार हें उघड आहे. उपग्रहांवरील यंत्रांसही पावसाळ्यांत व त्याच्या अखेरीस हिंदुस्थानावर हा वायु अधिक दिसतो. परंतु काब-द-रामाच्या कुपींत नेमका पावसाळ्यांतच तो सर्वांत कमी! केंद्र खोटें बोललें काय? मुळींच नाहीं. वारा समुद्रावरून येत होता. खाचरांतील वायु त्याच्या पाठीमागें, अंतर्भागांत व वरच्या थरांत गेला. मापनकेंद्र भोंवतालचें सर्व जग पाहत नाहीं. वारा जें पुढ्यांत आणून टाकतो तेवढेंच तें पाहतें. म्हणून वाऱ्याची दिशा न लिहितां केवळ आंकडा लिहिणें म्हणजे पत्रावर मजकूर लिहून पाठविणाऱ्याचें नांव गाळण्यासारखें आहे. हा एक नियम विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवला तरी या लेखाचें काम झालें असें मी समजेन.

पण मला अधिक सांगावयाचें आहे तें पुढेंच आहे. १९९३ पासून चाललेली ही नोंद २००२ सालीं थांबली. २००९ मध्यें ती पुन्हां सुरू झाली व कांहीं वर्षें चालली. परंतु मधलीं वर्षें कोरीं राहिलीं. सहा-सात वर्षांची फट एवढी काय मोठी, असें वाटेल. आतां त्याच काळांत जगांत काय झालें तें पहा. विसाव्या शतकाच्या शेवटीं हवेंतील मिथेनची वाढ मंदावत मंदावत जवळजवळ थांबली होती. १९९९ पासून २००६ पर्यंत जगाची सरासरी दर अब्ज भागांत सुमारें १७७० च्या आसपास स्थिर राहिली, आणि पुष्कळांस वाटलें, हा वायु आतां आटोक्यांत आला. मग २००७ सालीं तो अकस्मात् पुन्हां वाढूं लागला, व ती वाढ अद्याप थांबलेली नाहीं. २०२३ सालीं सरासरी १९०० च्या वर गेली. ही वाढ कोठून आली, उष्ण प्रदेशांतील दलदलींतून, गुरांतून, कचऱ्याच्या ढिगांतून कीं वायूच्या विहिरींतून, याविषयीं शास्त्रज्ञांत आजही वाद आहे. या वादांत हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरील साक्ष मोठ्या मोलाची ठरली असती. जगाच्या हवेनें जेव्हां वळण घेतलें, नेमका तेव्हां आपला पहारेकरी जागेवर नव्हता. आणि गेलेल्या दिवसाची हवा पैसे देऊन विकत घेतां येत नाहीं. पुस्तक हरवल्यास दुसरी प्रत मिळते, इमारत पडल्यास पुन्हां बांधतां येते. २००७ च्या जुलै महिन्यांत काब-द-रामावरून वाहून गेलेला वारा आतां कोणत्या कुपींत भरावा?

असे प्रसंग इतरत्रही आले आहेत. खुद्द कीलिंगच्या वहींत १९६४ च्या वसंतांत कांहीं महिने रिकामे आहेत, कारण त्यावर्षीं पैशाची तरतूद कापण्यांत आली. सुदैवानें ती फट लहान राहिली. आपल्याकडे पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेनें २००९ पासून सिंहगडावर अशाच कुप्या भरण्यास आरंभ केला, आणि २०१२ पासून तिची महाबळेश्वर येथें ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळाही आहे. सिंहगडावरील हवेंत समुद्राबरोबरच सह्याद्रीच्या रानांचा श्वासोच्छ्वास मिसळलेला असतो, त्यामुळें तेथील चढउतार किनाऱ्याहून मोठे दिसतात. तानाजीच्या गडावर चढतांना यापुढें त्या कुप्यांचेंही स्मरण व्हावें.

हवेंतील फरक पावसांतही उतरतो. आणि पावसाची नोंद आपल्या देशांत अधिक जुनी आहे. भारतीय हवामान खात्यानें जागतिक योजनेचा भाग म्हणून दहा ठिकाणीं पावसाचें पाणी सांठवून त्याचें रासायनिक परीक्षण दशकानुदशकें चालविलें. त्यांत पुणें व नागपूर हीं आपल्याकडील दोन आहेत. शिवाय जोधपूर, श्रीनगर, अलाहाबाद, आसामांतील मोहनबारी, विशाखापट्टण, कोडाईकनाल, पोर्ट ब्लेअर व मिनिकॉय. पाण्याचा आम्लपणा पीएच् या मापानें सांगतात. सात म्हणजे उदासीन, त्याखालीं आम्ल. अगदीं शुद्ध हवेंतूनही पडलेला पाऊस थोडा आम्लच असतो, कारण कार्बन डायऑक्साइड त्यांत विरघळतो. त्याचें माप सुमारें ५.६ येतें. ऊर्ध्वपातित पाणी कांचेच्या पेल्यांत रात्रभर उघडें ठेवून सकाळीं पीएच्-कागदानें तपासल्यास हें प्रयोगशाळेंत पाहतां येईल. कोळशाच्या व तेलाच्या ज्वलनांतून निघणारे गंधक व नायट्रोजन यांचे वायु पावसांत मिसळले म्हणजे माप त्याहून खालीं जातें. आपल्या देशांत पुष्कळ वर्षें तसें झालें नव्हतें, याचें श्रेय आपल्या मातीस आहे. जमिनीवरून उडणाऱ्या धुळींत चुना असतो. तो आकाशांतच आम्लाचें शमन करतो. ज्या धुळीस आपण सारखे शिव्या देतों, तिनें एवढें काम मुकाट्यानें केलें. परंतु धुळीचीही मर्यादा असते. २००१ ते २०१२ या काळांत नागपूर, मोहनबारी, अलाहाबाद, विशाखापट्टण व कोडाईकनाल या पांच ठिकाणच्या पावसाचें माप ४.७७ ते ५.३२ पर्यंत उतरलेलें आढळलें. पीएच् मापांत एक अंक कमी होणें म्हणजे आम्लता दहापट होणें, हें वरच्या इयत्तांतील विद्यार्थी जाणतातच. हा फरक एका पावसाळ्यांत कोणास दिसला नसता. तो तीन दशकांच्या वह्या उघडल्यावर दिसला.

आतां आपल्या घराकडे वळूं. नाशिकरोडजवळ एकलहरे येथें कोळशावर वीज उत्पन्न करणारें केंद्र १९७० च्या सुमारास सुरू झालें. त्याचे आरंभींचे संच पुढें बंद झाले. नंतरचे संच प्रत्येकीं २१० मेगावॉटचे. मुंबई-आग्रा रस्त्याची वाहतूक, विटांच्या भट्ट्या, ऊंसाचें पाचट व द्राक्षवेलींच्या छाटण्या जाळणें, हीं सर्व आपल्या वाऱ्याच्या टप्प्यांत आहेत. केंद्र सरकारनें २०१९ सालीं शहरांची हवा सुधारण्याची राष्ट्रीय योजना जाहीर केली. तींत नाशिकचा समावेश आहे. २०१७-१८ च्या मानानें २०२५-२६ पर्यंत हवेंतील धूलिकण शंभरांत चाळीस भागांपर्यंत कमी करावे, असें तिचें ध्येय ठेवण्यांत आलें. येथें पालकांनीं एक गोष्ट पहावी. "शंभरांत चाळीस कमी" हें वाक्य ज्याच्याजवळ आरंभींचा आंकडा आहे त्यालाच बोलतां येतें. मापनकेंद्रें बहुतेक शहरांत आहेत. खेड्यांत तीं फार थोडीं. ज्या गांवाची जुनी नोंद नाहीं, त्या गांवाची हवा कितीही बिघडली तरी तक्रार शाबीत करतां येत नाहीं, आणि सुधारली तरी सुधारणेचें श्रेय कोणास देतां येत नाहीं. अडीच मायक्रोमीटरच्या आंतील कणांची वार्षिक मर्यादा आपल्या मानकाप्रमाणें घनमीटर हवेंत ४० मायक्रोग्रॅम आहे; जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं ती केवळ ५ सुचविली. या दोन आंकड्यांमध्यें कोठें तरी आपण श्वास घेतों कीं त्यांच्याही पलीकडे, हा प्रश्न लहान मुलांच्या व दमेकरी वृद्धांच्या दृष्टीनें कांहीं पुस्तकी नव्हे.

मोठीं यंत्रें शाळेस परवडणारीं नाहींत. परंतु ज्या गुणांमुळें काब-द-रामाची नोंद मोलाची ठरली, म्हणजे ठरलेली जागा, ठरलेली वेळ, वाऱ्याची दिशा व सातत्य, त्यांस पैसा लागत नाहीं. पहिलें साधन म्हणजे डोळे. बारीक कण प्रकाश विखुरतात, त्यामुळें दूरची वस्तु फिकी दिसते व शेवटीं लोपते. शाळेच्या गच्चीवरून अथवा जवळच्या मोकळ्या जागेवरून ज्या खुणा दिसतात, जवळची पाण्याची टांकी, त्यापलीकडे पांडवलेण्यांचा डोंगर, आणि पश्चिमेच्या क्षितिजावरील सर्वांत दूरची रांग, त्यांपैकीं कोणत्या स्पष्ट, कोणत्या अस्पष्ट व कोणत्या अदृश्य, एवढेंच रोज लिहावें. धुक्यामुळेंही खुणा लपतात, म्हणून धुकें व पाऊस यांची नोंद वेगळ्या रकान्यांत हवी. आणि हवेचा ओलावा कमी असतो ती दुपारची वेळ या कामास बरी.

दुसरें साधन पाऊस. स्वच्छ धुतलेल्या काचेच्या नरसाळ्यांत व बाटलींत पाऊस सुरू झाल्यावर पाणी धरावें. भांडें अगोदरपासून उघडें ठेवूं नये, नाहीं तर बसलेली धूळ मोजली जाईल. पहिल्या सरीचें व तासाभरानंतरच्या सरीचें पाणी निराळें ठेवून पीएच्-कागदानें तपासावें. कागदाचें माप ढोबळ असतें. तरी दर वर्षीं त्याच बनावटीचा कागद वापरल्यास वर्षावर्षांची तुलना करतां येते. बनावट बदलावी लागलीच तर अलिबागचा धडा घ्यावा: एक पावसाळाभर जुना व नवा दोन्ही कागद प्रत्येक नमुन्यास लावावे व दोन्ही आंकडे लिहावे.

हें काम आठवी इयत्तेकडे असावें असें मला वाटतें, कारण त्या मुलांस शाळेंत अजून दोन वर्षें काढावयाचीं असतात व पुढच्या तुकडीस तीं शिकवूं शकतात. दिवाळीच्या व मे महिन्याच्या सुटींत वही कोणाच्या घरीं राहील हें सुटी लागण्यापूर्वींच ठरवावें. फट पडते ती नेहमीं सुटींत. कॅम्पांतच राहणारे, गच्चीवर जातां येईल असें घर असलेले पालक यासाठीं पुढें आल्यास बरें. त्यांनीं घरच्या खुणांची वेगळी यादी प्रथम पानावर लिहून ठेवावी, कारण जागा बदलली कीं डोंगरही निराळ्या अंतरावर जातो. वही जाड पुठ्ठ्याची असावी, आणि रकाने सहा: तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, दिसलेल्या खुणा, धुकें अथवा पाऊस, व लिहिणाऱ्याची सही. ज्या दिवशीं पाहणें झालें नाहीं त्या दिवशींची ओळ कोरी सोडावी. अंदाजानें भरूं नये.